बाळाचा थायरॉइड: सोनोग्राफी की स्कॅन?
लोकमान्य नगरातल्या भाचीच्या तान्ह्या बाळाचा टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक; ते वाढलं की ग्रंथी कमी काम करत असल्याची शंका येते) वाढलेला निघाला, आणि इंदूरच्या रिवाजाप्रमाणे पोह्यांच्या बशीबरोबर सगळ्यांची मतंही आली.

सोनोग्राफीत किरणं नाहीत, सुई नाही, बाळ आईच्या मांडीवर असलं तरी चालतं. गळ्यात थायरॉइड ग्रंथी आहे का, केवढी आहे, ते कळतं. पण जिभेच्या मुळाशी राहून गेलेली ग्रंथी तिच्या नजरेतून सुटू शकते. तिथे टेक्नेशियम स्कॅन सरस. शिरेतून किंचित किरणोत्सारी द्रव्य देतात (अर्धायुष्य ६ तास), ग्रंथी असेल तिथे ते जमतं. मात्र आईकडून आलेल्या, ग्रंथीचं काम रोखणाऱ्या अँटिबॉडीजमुळे जागेवरची ग्रंथीही स्कॅनमध्ये गायब दिसू शकते. मग पुन्हा सोनोग्राफीच कामाची.

मी आधी सोनोग्राफीच करून घेईन. स्कॅनची तारीख लांबली तर थायरॉक्सिन (कमी पडणाऱ्या थायरॉइड संप्रेरकाची गोळी) अडवून ठेवू नये. स्कॅन ३ वर्षांनंतरही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून, करता येतो.