गोधडीसाठी लाँगआर्म की पायमशीन?

अमळनेरच्या वहिनींकडे गोधड्यांच्या ऑर्डरी वाढल्यात. लाँगआर्म (चौकटीवर ताणलेल्या गोधडीवर फिरणारी, लांब हाताची विजेची शिलाई मशीन) घ्यावी की घरची पायमशीनच नीट करून घ्यावी, हा पेच. विकणारा काय सांगतो ते राहू द्या. मशीन सांभाळायला कशी, तेवढंच बघू.

सफाईत पायमशीन सोपी. रोज थोडा वेळ काम असेल तर आठवड्याला झाडून तेल दिलं की झालं. लाँगआर्म वेगात धावते, त्यात जुन्या सुती लुगड्यांची लव बॉबिनखाली साचते. म्हणून बॉबिन बदलताना हुक (बॉबिनभोवती फिरून दोरा पकडणारा भाग) ब्रशने झाडून थेंबभर तेल द्यावंच लागतं. तेल मशीनचंच, खोबरेल नको, ते चिकटून मशीन जड होते.

खरी मेहनत टाका जुळवण्यात. खालचा दोरा वर दिसला तर वरचा ताण जास्त, हे दोन्हींत सारखंच. पण लाँगआर्ममध्ये कापड चौकटीवर असतं आणि मशीन चहूकडे फिरते, म्हणून ताण नीट जुळवावा लागतो. आधी बॉबिन केस (बॉबिनची डबी) दोऱ्याला लटकवा, हलका झटका द्या. थोडी सरकून थांबली की बरोबर. मग वरचा ताण. कापड ढोलकीसारखं ताणलं की टाके सुटतात. चौकट पाणसळीत नसेल तर मशीन एका बाजूला ओढते.

पायमशीनला लाइट लागत नाही, कारागीरही तालुक्याला भेटतो. लाँगआर्मचं टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकाचा मेळ, मात्र स्वतः शिकून घ्यावं.

महिन्याला दोन-चार लहान गोधड्या असतील तर पायमशीनच. डबल बेडच्या गोधड्या रोज शिवायच्या आणि 12 फुटी चौकटीला खोली असेल, तर लाँगआर्म घ्या, वहिनी.