मॉनिटर बदलायला निघालो होतो, काम झालं साडेतीनशेत (सात रस्ता, कॉम्प्युटर रिपेअर)

आमचं टॉवेल-चादरीच्या डिझाईनचं काम, दिवसभर जकार्डच्या (मागावर नक्षी विणायच्या) सॉफ्टवेअरसमोर. तिथं एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक (उभा) धागा आणि बाण्याचा एक (आडवा), म्हणजे स्क्रीनवर चुकलं की मागावर घोळ झालाच. आणि महिनाभर तेच चाललेलं ओ. मोराच्या पिसाऱ्यात रंग भरला तर दिसायचाच नाही, विंडो मिनिमाईझ करून परत उघडली की एकदम दिसायचा, मेनू बंद केला तरी त्याचं भूत तिथंच, आणि दिसत नाही म्हणून मी परत क्लिक करायचो की रंग भलतीकडंच सांडलेला.

एका दुकानात (नाव नको) म्हणाले मॉनिटर गेला, नऊ हजार. मेहुण्यानं अडवलं आणि सात रस्त्याजवळ ह्या अण्णांकडं पाठवलं. नुसता चौकशीला गेलो तर म्हणाले, आत्ता काय आणू नका, घरी अडकेल तेव्हा स्क्रीनशॉट काढून मला व्हॉट्सॲप करा. पाठवला. लगेच रिप्लाय, "मेनूचं भूत माझ्या मोबाईलवरपण दिसतंय, मॉनिटर बिघडला असता तर इथं आलं असतं का ओ?" बास, नऊ हजार वाचले.

मग पीसी नेला. खोललासुद्धा नाही. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं, स्क्रीन क्षणभर काळी, टुक असा आवाज, म्हणे ह्यानं ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र उमटवणारं सॉफ्टवेअर) रिस्टार्ट होतो. पाच मिनिटं चकाचक, परत तेच. मग टास्क मॅनेजर उघडला, तोपण लुकलुकत होता. फक्त आपलं सॉफ्टवेअर लुकलुकलं असतं तर दोष त्याचा, सगळंच लुकलुकतंय म्हणजे ड्रायव्हर, असं त्यांचं गणित. डिव्हाईस मॅनेजरमध्ये तारीख बघितली तर अपडेटनं महिन्यापूर्वीच नवा ड्रायव्हर घातलेला! रोल बॅकचं बटण चालू होतं म्हणजे जुना अजून पडून होता, तोच परत बसवला.

साडेतीनशे घेतले, बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, मे महिना, दुकानात एकच टेबलफॅन आणि तोपण अण्णांकडं वळवलेला. एक स्टार त्याचा कापला.

पंधरा दिवसांनी अपडेटनं परत तोच खेळ केला. अण्णांनी फोन उचलला नाही, पण बटण कुठंय ते मी बघून ठेवलेलं.