लाइव्ह रॉकवरची ऐप्टेशिया: चुना, कोळंबी की बर्घिया?

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये लाइव्ह रॉकच्या, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळखडकाच्या जीव-जिवाणूंसह आणलेल्या तुकड्याच्या, एखाद्या छिद्रातून तपकिरी, अर्धपारदर्शक समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) डोके काढते, तेव्हा ते प्रथम शोभेचेच वाटते. ते ऐप्टेशिया, म्हणजे टँकभर पसरणारी उपद्रवी जात असेल, तर चिमट्याने उपटू नये, कारण दगडाला चिकटून राहिलेल्या पायाच्या कणापासूनही नवे समुद्रफूल वाढते. उपाय कोणता निवडावा, हे माझ्या मते त्यांच्या संख्येवर ठरवावे.

पाच-दहाच असतील, तर चुना पुरेसा आहे. पानाला लावतात त्या चुन्याचे रसायन हेच, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. मात्र पानपट्टीवरचा चुना न वापरता मत्स्यालयासाठी मिळणारी शुद्ध भुकटी आरओच्या पाण्यात दह्याइतकी दाट कालवावी. हातमोजे आणि चष्मा घालावा, पंप बंद करावेत आणि सिरिंजचे टोक फुलाच्या तोंडाजवळ अलगद न्यावे. टोक दगडावर आपटले, तर फूल पापणी लवायच्या आत छिद्रात शिरते. हात स्थिर राहिला, तर तोंडावर सोडलेला चुना ते अन्न समजून गिळते. चुन्याने पीएच चढत असल्यामुळे लहान टँकमध्ये एका वेळी तीन-चारच फुले घ्यावीत. दगडाच्या मागच्या बाजूला मात्र सिरिंज पोहोचत नाही, आणि नेमकी तिथेच प्रजा वाढत राहते.

फुले अनेक ठिकाणी विखुरली असतील, तर पेपरमिंट कोळंबीचा विचार करता येतो. ती रात्री बाहेर पडते आणि लहान फुले खाते. मोठ्यांकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाही, आणि माशांच्या खाण्यातून पोट भरले, तर लहानांकडेही नाही. खरेदी करताना पाठीचा उंचवटा आणि मोठे डोळे नीट पाहावेत, कारण त्या वर्णनाची कॅमल कोळंबी हिच्या नावाने गळ्यात पडते आणि पुढे प्रवाळच कुरतडते.

संपूर्ण दगड व्यापला असेल, तर माझे मत बर्घियाला आहे. ही एक-दोन सेंटिमीटरची समुद्री गोगलगाय ऐप्टेशियाखेरीज काहीच खात नाही. सुरुवातीचे काही आठवडे काहीच घडत नसल्यासारखे वाटते. तिची पिल्ले वाढली, की फरक दिसू लागतो. शेवटचे फूल संपल्यावर मात्र ती उपाशी मरते, म्हणून शहरातल्या दुसऱ्या कुणा शौकिनाला तिच्यासाठी आधीच विचारून ठेवावे. ज्या टँकमध्ये रॅस मासे किंवा पेपरमिंट कोळंबी आहे, तिथे ती सोडणे म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जात असताना असे जिवंत पार्सल मागवू नये.

दगड उकळण्याचा सल्ला मिळाला, तर तो धुडकावून लावावा. त्यावर पॅलिथोआसारखे प्रवाळांचे नातलग जीव असले, तर त्यांच्यातील पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर श्वासात जाऊन घरातल्या सर्वांना रुग्णालयात जावे लागू शकते. सगळे काढून कोरड्या दगडावर नव्याने सुरुवात करणे सुरक्षित आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनेही सोयीचे, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ संरक्षित आहेत. मात्र नव्या दगडात जिवाणू स्थिरावेपर्यंत चार-सहा आठवडे पाणी भरलेला टँक माशांविना ठेवावा लागतो, आणि त्यानंतर कायदेशीर मार्गाने पहिला प्रवाळ आणाल, त्याच्या बुडाशी असलेली चकती आधी भिंगाखाली उलटीसुलटी करून पाहावी लागते.