एकाच स्पिटफायरची तीन किट, आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

शेल्फवर तीन स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची प्लॅस्टिकची मॉडेल, शेजारी शेजारी उभी आहेत. तिन्ही मार्क ९ या आवृत्तीची, तिन्ही १/४८ प्रमाणात, तिन्ही एकाच जुन्या साच्यातून निघालेली. पहिलं खोक्यात जे आलं तेवढ्यावरच जोडलं. दुसऱ्याला विकत मिळतं ते बहुतेक सगळं लावलं: रेझिनचं कॉकपिट, फोटोएचचे (पातळ कोरीव पत्र्याचे) सीटचे पट्टे, तोफांच्या पितळी नळ्या, वेगळी चाकं. तिसऱ्याला विकतच्या दोनच गोष्टी लावल्या आणि सगळा वेळ आकार दुरुस्त करण्यात घातला. बघायला येणारा माणूस तिसऱ्यापाशी थांबतो. ज्याला मार्क ५ आणि मार्क ९ मधला फरक माहीत नाही, तोसुद्धा.

किटच्या कंपनीचं नाव देत नाही. साचा बराच जुना आहे आणि खाली लिहिलेल्या चुका इतरही बऱ्याच किटमध्ये सापडतात, त्यामुळे तुमच्याकडे कुठलंही खोकं असलं तरी हा अनुभव कामाला येईल.

आधी चांगलं. प्लॅस्टिक मऊ, घासायला सोपं. पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा) खोदलेल्या आहेत, उठावदार नाहीत. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच, म्हणजे ११.२३ मीटर. त्याला ४८ नं भागलं की २३.४ सेंटिमीटर येतात. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं कॅलिपर) लावून पाहिलं, पंख अगदी बरोबर. पंखांची लंबवर्तुळाकार कडाही छान पकडली आहे, आणि स्पिटफायरमध्ये ती चुकली तर बाकी काही वाचत नाही.

धड मात्र आखूड आहे. कॉकपिटच्या मागे ३ मिलिमीटर कमी. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ४८ नं गुणलं की १४४ मिलिमीटर होतात, साडेपाच इंचांहून जास्त. मार्क ९ च्या बाबतीत हे विशेष खटकतं, कारण त्याचं सगळं रूप लांब नाकात आहे. १९४१ च्या उत्तरार्धात जर्मनांचं फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान आलं आणि मार्क ५ त्याच्यापुढे कमी पडायला लागलं. तेव्हा मार्क ५ च्याच सांगाड्यावर दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचं) मर्लिन ६१ इंजिन बसवून मार्क ९ तयार झालं. जुलै १९४२ मध्ये ते इंग्लंडमधल्या हॉर्नचर्च तळावरच्या ६४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे पोचलं. तात्पुरता तोडगा म्हणून काढलेली ही आवृत्ती पुढे पाच हजारांहून जास्त बनली. इंजिन लांब, म्हणून नाक लांब. मागचं धड आखूड पडलं की हे नाक पुढे ओढल्यासारखं दिसतं आणि विमान ठेंगणं वाटतं. पहिल्या मॉडेलमध्ये काहीतरी बिनसलंय हे मला दोन महिने जाणवत होतं. काय ते मोजमाप घेतल्यावरच कळलं.

तिसऱ्या किटमध्ये मी धड कापलं. खऱ्या स्पिटफायरचं शेपूट वेगळं बनवून १९ व्या फ्रेमपाशी बोल्टनं जोडत. त्या सांध्याची रेषा किटवर आहेच, तिच्यावरच रेझर सॉ (बारीक दातांची करवत) चालवला. आधी धडाचे दोन्ही अर्धे चिकटवून दोन दिवस वाळू दिले होते, नाहीतर कापताना ते वाकडे होतात. मग १ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटचे तीन तुकडे एकमेकांवर चिकटवून मध्ये घातले आणि सगळं दोन लाकडी ठोकळ्यांच्या काटकोनात दाबून ठेवलं. शेपूट एका अंशानं जरी फिरलं तरी मागून पाहताना लगेच कळतं. खरं काम त्यानंतरचं. धड मागे निमुळतं होत जातं, पण घातलेला तुकडा नळीसारखा सरळ असतो. त्यामुळे पुढे-मागे दोन-दोन सेंटिमीटर घासून उतार एकसारखा करावा लागतो. डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवा. डोळे मिटून अंगठा मागून पुढे फिरवला की उंचवटा हाताला लागतो. त्या भागातल्या पॅनल लाइन पुसल्या जातात, त्या पुन्हा स्क्राइबरनं (रेषा कोरायच्या हत्यारानं) काढाव्या लागतात. या एका दुरुस्तीला तीन आठवडे लागले, आणि आठ महिन्यांतलं मला सर्वात आवडलेलं काम हेच.

दुसरी चूक पंखाच्या मुळाशी. पंखाची मागची कडा धडाला मिळते तिथे खालच्या बाजूनं हलका बाक आहे, समुद्रपक्ष्याच्या पंखासारखा. किटमध्ये तो भाग सपाट आहे. दोन भागांची इपॉक्सी पुट्टी ओल्या बोटानं दाबून तो आकार दिला, वाळल्यावर गोल काडीला सँडपेपर गुंडाळून घासला. पंखांचा वरचा कल ६ अंशांचा हवा, त्यासाठी पुठ्ठ्याचे दोन साचे कापून खाली ठेवले आणि गोंद वाळेपर्यंत काढले नाहीत.

तिसरी दुरुस्ती फुकटातली आहे आणि प्रत्येकानं करावी. पंखाची मागची कडा किटमध्ये १ मिलिमीटर जाड येते. खऱ्या विमानावर ती पावणेपाच सेंटिमीटरची फळी झाली असती. पंखाचे वरचे-खालचे भाग चिकटवण्याआधी आतल्या बाजूनं घासून कडा कागदासारखी पातळ करा. एक संध्याकाळ जाते. एक्झॉस्टचंही तसंच: मार्क ९ ला दोन्ही बाजूंना सहा-सहा नळकांडी, किटमध्ये ती भरीव आहेत. सुईनं खूण करून ०.५ मिलिमीटरच्या ड्रिलनं हातानंच पोखरली.

आता दुसऱ्या मॉडेलबद्दल, कारण पैसे तिथे गेले. रेझिनचं कॉकपिट हातात घेतलं की जीव सुखावतो, इतकं बारीक काम असतं. पण ते धडात बसवायला बाजूच्या भिंती आतून इतक्या घासाव्या लागल्या की प्लॅस्टिकमधून उजेड दिसायला लागला. तरीही धड मिलिमीटरभर फाकलंच. धड फाकलं म्हणून पंखाच्या मुळाशी फट पडली, फट दाबून बुजवली तर पंखांचा कल बदलला. एवढं करून कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) बंद केल्यावर आतलं फक्त सीटचं टोक आणि पट्टे दिसतात. म्हणून माझं मत असं: पट्टे जरूर घ्या, पूर्ण कॉकपिट फक्त कॅनपी उघडी ठेवणार असाल तरच. सीटला विटकरी तपकिरी आणि भिंतींना ब्रिटिश इंटीरियर ग्रे-ग्रीन रंग दिला तरी खोक्यातलं कॉकपिट व्यवस्थित दिसतं. दरवाजाच्या आत सुटकेसाठी लावलेली पहार बरेच जण लाल रंगवतात. लाल रंग युद्धानंतरच्या विमानांवरून आलेला आहे. १९४४ चं विमान करत असाल तर ती लाल करू नका. रेझिन घासताना मास्क घाला आणि ओलं करून घासा, ती धूळ फुप्फुसाला वाईट आहे.

पितळी तोफनळ्या तिसऱ्यालाही लावल्या, कारण प्लॅस्टिकच्या नळ्या हाताळताना दोनदा मोडल्या होत्या. आठ महिन्यांत पितळी एकही वाकलेली नाही. दुसरी विकतची वस्तू व्हॅक्यूम-फॉर्म (पातळ प्लॅस्टिक तापवून साच्यावर ओढलेली) कॅनपी. किटची कॅनपी जाड असल्यानं उघडी ठेवली की पाठीवर बसतच नाही.

पॅनल लाइनबद्दल मी पहिल्या मॉडेलनंतर पूर्ण मत बदललं. त्यावर सगळ्या रेषांत काळा वॉश (खूप पातळ केलेला रंग) भरला होता, तेव्हा तो आवडला होता. ०.२ मिलिमीटरची रेष खऱ्या विमानावर जवळजवळ १ सेंटिमीटरची भेग होते. आणि हे विमान गुळगुळीतपणासाठी किती झटून बनवलेलं होतं! कुठले रिव्हेट सपाट हवेत आणि कुठे गोल चालतील हे तपासायला नमुना विमानावर रिव्हेटच्या जागी वाटाण्याच्या डाळी चिकटवून उड्डाणं केली होती. त्या विमानाच्या अंगावर काळ्या भेगा काढणं मला आता जमत नाही. तिसऱ्यावर रेषा मिस्टर सरफेसर १००० या दाट प्रायमरनं अर्ध्या बुजवल्या आणि मूळ रंगापेक्षा जेमतेम गडद राखाडी वॉश दिला. फक्त सरकत्या आणि उघडणाऱ्या भागांच्या कडा थोड्या ठळक ठेवल्या.

रंगसंगती १९४१ नंतरची: वर ओशन ग्रे आणि डार्क ग्रीन, खाली मीडियम सी ग्रे, शेपटीजवळ स्काय (फिकट हिरवट) रंगाचा पट्टा, पंखांच्या पुढच्या कडेला बाहेरच्या बाजूनं पिवळा. तिसऱ्याला नॉर्मंडीच्या चढाईचे काळे-पांढरे पट्टे दिले. ते १८ इंच रुंद, म्हणजे १/४८ मध्ये ९.५ मिलिमीटर. डिकॅलचे (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांचे) पट्टे वापरले नाहीत, मास्किंग करून रंगवले. ६ जून १९४४ च्या आधी ते घाईघाईनं, बऱ्याच ठिकाणी ब्रशनं मारलेले होते. म्हणून कडा अगदी धारदार न ठेवता किंचित हलत्या ठेवल्या. आणखी एक: या काळातल्या मार्क ९ ला पाठीवर मास्ट (रेडिओच्या अँटेनाचा खांब) आहे, पण त्यावरून शेपटीकडे जाणारी तार नाही. रंगाचे टवके डाव्या पंखाच्या मुळाशीच दिले, पायलट त्याच बाजूनं चढत असे. इतरत्र हात आवरला.

किटची डिकॅल पिवळी पडली होती. पिशवीत घालून दोन आठवडे खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवली, उन्हानं पिवळेपणा बराच गेला. मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही डिकॅल मऊ करून बसवणारी द्रावणं लावल्यावर ती पृष्ठभागावर नीट बसली. खाली चकचकीत कोट मात्र हवाच. पहिल्यावर तो दिला नव्हता आणि तिथे डिकॅलखाली चंदेरी झाक आहे ती आहेच.

आता काळानं काय केलं ते, कारण तेच लवकर लिहिलेल्या मतांत सापडत नाही. पहिल्या मॉडेलच्या पाठीवर तिसऱ्या महिन्यात सांध्याची रेष पुन्हा वर आली. जोडलं तेव्हा ती हाताला लागत नव्हती, रंगाखाली दिसतही नव्हती. पातळ गोंद प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, आणि त्यातला द्रव पूर्ण उडायला दिवसच्या दिवस लागतात. मी दुसऱ्याच दिवशी घासलं होतं, नंतर तो सांधा आक्रसत गेला. दुसऱ्यावर ट्यूबमधली पुट्टी अशीच बसली आणि पंखाच्या मुळाशी बारीक खळगा पडला. तिसऱ्यावर सांधे आठवडाभर तसेच सोडले, फटी सुपरग्लूनं भरल्या आणि तासाभरात घासल्या, कारण तो पूर्ण कडक झाला की प्लॅस्टिकपेक्षा टणक होतो आणि आजूबाजूचंच जास्त झिजतं. पूर्ण होऊन दहा आठवडे झाले, अजून रेष नाही. कॅनपीजवळ मात्र सुपरग्लू नकोच, त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी पडते. तिथे साधा पांढरा गोंद.

नवशिक्यांनी हे किट घ्यावं का? घ्यावं, आणि पहिल्यांदा धड न कापता जोडावं. पंखाची कडा पातळ करणं, एक्झॉस्ट पोखरणं आणि सांध्याला आठवडा देणं, एवढ्यानंच खूप फरक पडतो. कॉकपिटच्या संचाचे पैसे चांगल्या व्हर्नियरवर आणि खऱ्या विमानाच्या नीट काढलेल्या आराखड्यावर घालावेत.

तिसऱ्यातही एक गोष्ट राहून गेली आहे. समोरून पाहिलं की स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची निमुळती टोपी) थोडा जाडा आहे, नाकाच्या गोलाईतून अर्धा मिलिमीटर बाहेर येतो. धड दुरुस्त होईपर्यंत तो दिसत नव्हता, आता रोज दिसतो. पंखा नुसताच खोचून ठेवला आहे, चिकटवलेला नाही, म्हणून या आठवड्यात तो काढून ड्रिलच्या तोंडात धरून घासायला घेणार आहे.