बायोप्सी की प्रतिपिंडांची रक्ततपासणी : मूत्रपिंडाच्या स्वयंप्रतिरक्षा आजारांत कशावर विसंबावे?

लघवीतून प्रथिने जाऊ लागली, पायांवर सूज आली आणि डॉक्टरांनी बायोप्सीचा विषय काढला, की रुग्ण बहुधा विचारतो, ‘हे नुसते रक्त तपासून कळणार नाही का?’ प्रश्न रास्त आहे. बायोप्सीत पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा दोऱ्याएवढा तुकडा काढतात, नंतर काही तास पडून राहावे लागते आणि लघवीतून रक्त जाण्याची किंवा मूत्रपिंडाभोवती रक्त साकळण्याची शक्यता थोडी का होईना असतेच. रक्ताच्या नमुन्यात ही जोखीम नाही. तरीही स्वयंप्रतिरक्षा आजारांत, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते अशा आजारांत, दोहोंतून निवड करताना आजार कोणता आहे हे पाहावे लागते, कारण प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटिबॉडींच्या, अहवालाचे वजन प्रत्येक आजारात वेगळे असते.

रक्ततपासणीची बाजू सर्वांत भक्कम आहे ती मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीत. मूत्रपिंडाच्या गाळणीतील पोडोसाइट पेशींवर पीएलए२आर नावाचे प्रथिन असते आणि या आजारात प्रतिपिंडे त्यालाच जाऊन चिकटतात, हे २००९ साली उघड झाले. दुसऱ्या रोगामुळे न उद्भवलेल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत ही प्रतिपिंडे सापडतात, आणि निरोगी माणसांत किंवा मूत्रपिंडाच्या इतर आजारांत ती क्वचितच दिसतात. म्हणूनच नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून खूप प्रथिने जाऊन अंगावर सूज येण्याची अवस्था, असलेल्या रुग्णाची ही चाचणी पॉझिटिव्ह आली, तर केवळ निदान पक्के करण्यासाठी बायोप्सी आवश्यक नाही, असे केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. अर्थात रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की साठणारे टाकाऊ द्रव्य) झपाट्याने वाढत असेल, ल्युपसची, म्हणजे अनेक अवयवांना ग्रासणाऱ्या स्वयंप्रतिरक्षा आजाराची, शंका असेल किंवा आजाराची चाल अपेक्षेपेक्षा वेगळी असेल, तर पॉझिटिव्ह अहवाल हाती असूनही बायोप्सी करणे शहाणपणाचे ठरते.

‘निगेटिव्ह’ हा शब्द मात्र जपून वाचावा. रक्तातील प्रतिपिंडे आकड्यांत मोजणाऱ्या नेहमीच्या एलायझा पद्धतीत २० एककांच्या वरचा आकडा पॉझिटिव्ह आणि १४ ते २० हा सीमारेषेवरचा मानला जातो. २ ते १४ च्या दरम्यान आकडा आला तर अहवालावर निगेटिव्ह छापले जाते, परंतु अशा काही रुग्णांत इम्युनोफ्लुरोसन्स या दुसऱ्या पद्धतीने प्रतिपिंडे सापडतात. शिवाय काही रुग्णांत प्रतिपिंडांचे लक्ष्य पीएलए२आर नसून वेगळेच प्रथिन असते. नेफ्रोटिक सिंड्रोम आहे आणि ही चाचणी निगेटिव्ह आहे, अशा प्रौढ रुग्णाला बायोप्सी टाळता येत नाही.

निदानानंतरच्या काळात ही तपासणी जे देते ते बायोप्सीला देता येत नाही. बायोप्सी दरमहा कोणी करत नाही. रक्त ठरावीक अंतराने पुन्हा तपासता येते. उपचार लागू पडले की आधी प्रतिपिंडे उतरतात आणि लघवीतील प्रथिने त्यामागून काही महिन्यांनी कमी होतात, कारण बिघडलेली गाळणी सावरायला वेळ लागतो. सहा महिन्यांनंतरही दिवसाला ४ ग्रॅम प्रथिने जात असली, पण प्रतिपिंडे नाहीशी झालेली असली, तर औषधांचा मारा वाढवण्यापेक्षा वाट पाहणे बहुधा योग्य असते. प्रथिने तेवढीच आणि प्रतिपिंडेही चढलेली, असे असेल तर उपचार बदलण्याचा विचार करावा लागतो. लघवीचा अहवाल दोन्ही रुग्णांत सारखाच आहे. फरक रक्तातून कळतो. या चाचणीची खरी किंमत माझ्या मते निदानापेक्षा इथे आहे.

अँका, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींतील प्रथिनांवर उलटणाऱ्या, प्रतिपिंडांशी निगडित रक्तवाहिन्यांच्या दाहात घाई असते, कारण मूत्रपिंड काही आठवड्यांत निकामी होऊ शकते. पीआर३ किंवा एमपीओ या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली आणि लक्षणेही जुळली, तर बायोप्सीसाठी उपचार अडवून ठेवू नयेत. तरीही बायोप्सी जमेल तेव्हा करावी, कारण ताजा दाह किती आणि कायमचे व्रण किती, म्हणजे काय वाचवता येण्यासारखे आहे, हे रक्त सांगत नाही. हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, हायड्रॅलझिनसारखे रक्तदाबाचे औषध किंवा प्रोपिलथायोयुरॅसिलसारखे थायरॉइडचे औषध यांमुळेही अँका पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट या आजाराच्या काही रुग्णांत ती निगेटिव्हच राहते. पाठपुराव्यातही तिचा आकडा मेम्ब्रेनसइतका विश्वासाचा नाही. तो वाढला तर तपासण्या जवळजवळच्या अंतराने कराव्यात, पण केवळ त्या आकड्यावर औषधे वाढवू नयेत.

अँटी-जीबीएम आजार, ज्यात प्रतिपिंडे मूत्रपिंडाच्या गाळणीच्या पडद्यावर हल्ला करतात, दुर्मीळ, पण सर्वांत तातडीचा. यात शंका बळकट असेल तर अहवालाचीही वाट न पाहता उपचार सुरू होतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव भाग, बदलण्याची प्रक्रिया किती दिवस चालवायची हे मात्र प्रतिपिंडांच्या पातळीवरून ठरते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत जोडीला अँकाही असते, म्हणून दोन्ही चाचण्या एकदमच मागवाव्यात.

ल्युपसमध्ये पारडे बायोप्सीकडे झुकते. डीएस-डीएनए प्रतिपिंडे (पेशींतील डीएनएवर उलटणारी) वाढलेली आणि सी३, सी४ ही प्रतिकारयंत्रणेची प्रथिने घटलेली असली, की आजार चेतला असावा असा अंदाज येतो. मूत्रपिंडाला किती आणि कशा प्रकारची इजा झाली आहे हे त्यातून कळत नाही. त्या इजेचे सहा वर्ग मानतात, त्यांचे उपचार वेगवेगळे असतात आणि वर्ग केवळ बायोप्सीतून ठरतो. दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने जात असतील तर रक्ताच्या आकड्यांवर समाधान मानू नये. आयजीए नेफ्रोपॅथीत (आयजीए प्रतिपिंडे मूत्रपिंडाच्या गाळणीत साचण्याच्या आजारात) तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, कारण तिच्या निदानासाठी नित्याच्या वापरातली प्रतिपिंड चाचणीच नाही.

दोन गोष्टी रुग्णाच्या हातात आहेत. प्रत्येक वेळी तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच पद्धतीने करावी, कारण दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. आणि तातडी नसेल तर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सुरू होण्यापूर्वीच पहिला नमुना द्यावा. उपचारानंतर आलेला निगेटिव्ह अहवाल पाहून प्रतिपिंडे मुळात नव्हती की औषधाने नाहीशी झाली, हे सांगता येत नाही.