कागदावर 96 फ्रेम, जहाजात 78

मी चीफ इंजिनिअर होतो. अर्धं आयुष्य जहाजाच्या पोटात गेलं. त्यामुळे जुन्या टगच्या, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या, व्यवहारात फसलो हे सांगायला लाज वाटते. तरी सांगतो, कारण टग घ्यायची, तिची दूरच्या सफरींची आलिशान एक्स्पिडिशन यॉट करायची आणि विकायची, हे वेड आणखी काही जणांना लागलेलं दिसतंय.

कल्पना खोटी नाही. 1969 साली जर्मनीत बांधलेल्या सॅल्व्हेज (संकटातली जहाजं वाचवणाऱ्या) टगचीच पुढे ऑस्ट्रेलियन माध्यमसम्राट केरी पॅकर यांची 'आर्क्टिक पी' ही यॉट झाली. फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तोंची 'कॅलिप्सो' तर मुळात महायुद्धातली सुरुंग काढणारी बोट. जहाजांच्या खरेदी-विक्रीतल्या एका ब्रोकरने हीच नावं माझ्यापुढे टाकली. त्याच्या हातात एक टग होती. डिझाइन मी करायचं, गिऱ्हाईक त्याने आणायचं, खरेदीत निम्मी-निम्मी भागी.

मी रात्री जागून चित्रं काढली. मागच्या मोकळ्या डेकवर दोन मजले, वर हेलिडेक, लाउंजमध्ये नारिंगी खुर्च्या. त्याच्या माहितीपत्रकात छापून आलं, '18 पाहुणे'. पैसे घेऊन 12 च्या वर प्रवासी नेले की ते प्रवासी जहाज ठरतं, नियमांचं सगळं गणितच बदलतं. हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी वाचलं आणि म्हटलं, जाहिरातीत चालायचंच. वर एवढं वजन चढवल्यावर गुरुत्वमध्य वर सरकतो, तेव्हा आताच्या जहाजाची इन्क्लायनिंग टेस्ट (जहाज थोडं कलवून घेतलेली चाचणी) घेऊन खरं वजन आणि गुरुत्वमध्य काढू, असं मी दोनदा बोललो. "जुनी स्टॅबिलिटी बुकलेट आहे की, साहेब," ब्रोकर म्हणाला. म्हणजे जहाजाच्या तोलाचे जुने हिशेब. मी गप्प बसलो.

प्लेटच्या जाडीचा अल्ट्रासॉनिक रिपोर्ट त्याने दिला होता. चाळीस पानं, शिक्का, सही. मी फक्त आकडे पाहिले. 12 मिलिमीटरच्या प्लेटला कुठे 11.2, कुठे 11.4. छान! माती खाल्ली ती इथे.

ड्राय डॉकमध्ये जुना रंग-गंज काढायला ग्रिट (खरखरीत कण) मारायला सुरुवात झाली आणि दुपारपर्यंत इंजिनरूमच्या बिल्जमध्ये, म्हणजे अगदी तळात, उन्हाचे कवडसे पडले. बाहेरचं ऊन, तळाच्या प्लेटमधून आत! रंगाच्या थरांनीच ते भोक झाकून ठेवलं होतं. रात्री मी रिपोर्ट पुन्हा काढला, या वेळी आकड्यांऐवजी डावीकडचा रकाना वाचला. मापं फ्रेम, म्हणजे जहाजाच्या फासळ्या, 0 ते 96 पर्यंतची होती. आमच्या टगला फ्रेमच 78. म्हणजे मापं खरीही असतील, पण दुसऱ्याच कुठल्या जहाजाची.

पैसे मी त्याच्या कंपनीच्या खात्यात भरले होते. तिऱ्हाइताच्या एस्क्रो खात्यात ठेवू म्हटल्यावर तो दुखावला होता, "एवढाही विश्वास नाही?" त्या भिडेची किंमत माझी सगळी पुंजी. चार दिवसांनी व्हीलहाउसच्या काचेवर कोर्टाची नोटीस चिकटली: आधीच्या खलाशांचा पगार थकलेला. हा बोजा मालकावर नाही, जहाजावर बसतो, आणि मालक बदलला तरी उतरत नाही. नोंदणीचा ताजा उतारा मी मागितला नव्हता. मागितला असता तरी असा बोजा त्यात दिसेलच असं नाही. पण आमच्या नावावर काही चढलेलंच नाही, एवढं तरी कळलं असतं. ब्रोकरचा फोन तोवर बंद.

क्लासकडे, म्हणजे जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे, मी मागाहून चौकशी केली. प्रमाणपत्र केव्हाच मागे घेतलेलं होतं. चौकशीला लागला एक ईमेल.

अशा सौद्यात असाल तर विक्रेत्याकडून आधी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, घ्या. सात आकडी असतो. नाव बदलो, झेंडा बदलो, तो बदलत नाही. गेल्या महिन्यात एक यॉट विक्रीला दिसली. नाव नवं, झेंडा नवा, कंपनी नवी. लाउंजमध्ये माझ्या नारिंगी खुर्च्या. मी नंबर मागितला. अजून उत्तर आलेलं नाही.