डासांच्या मशीनची वात ‘साफ करून’ देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा

पावसाळा लागला, कूलर कोपऱ्यात गेले की नागपुरातल्या वस्त्यांमध्ये खांद्याला पिशवी अडकवून एक माणूस फिरू लागतो. आठवडी बाजारात हेच काम चादर अंथरून चालतं. मच्छर मशीनची सर्व्हिसिंग करून देतो, रिकामी रिफिल भरून देतो, 30 रुपये. घरातून मशीन आणलं की तो बाटली बाहेर काढतो आणि वातीचं काळं टोक दाखवतो. “काकू, पाहा ना, वात कोळसा झाली. नवी रिफिल कायले घेता, साफ करून भरून देतो.”

सगळी फसवणूक त्या काळ्या टोकात आहे. डासांच्या लिक्विडची वात दिव्यासारखी सुती नसते. ती बारीक भुकटी दाबून केलेली कडक दांडी असते आणि पुष्कळ वातींमध्ये कार्बन किंवा ग्रॅफाइट असल्यामुळे त्या कारखान्यातूनच काळ्या किंवा गडद करड्या निघतात. तिच्या सूक्ष्म छिद्रांतून लिक्विड वर चढतं. मशीनमधली गरम कडी वातीला न चिकटता तिच्याभोवती असते आणि त्या उष्णतेने लिक्विडची वाफ होते. वात जळत नाही, जळायला नकोच. खात्री करायची तर दुकानात नवी, सीलबंद रिफिल उघडून पाहा.

मग तो पक्कडीने वात उपसतो, टोक पॉलिश पेपरने घासतो, थिनरमध्ये बुडवतो, पुसतो आणि परत ठोकतो. या प्रत्येक पायरीत वात मरते. घासल्याने निघालेली भुकटी छिद्रांत बसते. दांडी बारीक झाली की कडीपासूनचं अंतर वाढतं आणि उष्णता कमी पोचते. टोक झिजून आखूड झालं तर ते कडीच्या खालीच राहतं. काही जण वात पाण्याने धुतात, तेव्हा छिद्रांत पाणी भरतं आणि तेल वर चढेनासं होतं. काही जण तर मूळ वात फेकून सुती पीळ घालतात. तो लिक्विड भसाभस ओढतो आणि त्याचं टोक खरंच करपतं. म्हणजे पुढच्या फेरीला दाखवायला काळी वात तयार!

बाटलीत जे ओततात ते बहुतेक वेळा रॉकेल आणि वासासाठी अत्तर किंवा कापूर. अस्सल लिक्विडमध्ये ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन यांसारखं कीटकनाशक अगदी थोडं, एक-दीड टक्क्याच्या आसपास असतं. बाकी सारं गंध काढलेलं, ठरावीक तापमानालाच वाफ होणारं पॅराफिन. रॉकेलमध्ये हलके-जड सगळेच घटक मिसळलेले. हलका भाग पहिल्या काही रात्रींत उडून जातो, तेव्हा खोलीत भरपूर वास येतो आणि माणसाला वाटतं, मशीन जोरात चाललं. जड भाग वातीतच साचून तपकिरी, चिकट राळ होते. आणि धोका वेगळाच. रॉकेल 35 अंशांच्या थोडं वर गेलं की पेट घेईल अशी वाफ सोडू लागतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच तेवढं तापमान असतं आणि मशीनची कडी तर शंभराच्या वर जाते. सॉकेट ढिलं असेल, पिनांपाशी ठिणगी पडत असेल, तर अशी बाटली रात्रभर लेकरांच्या उशाशी ठेवू नये.

दुसरा डाव ‘कॉइल बदलण्याचा’. “कॉइल कमजोर झाली, 50 रुपये.” बहुतेक मशीनमध्ये तारेची कॉइलच नसते. सिरॅमिकची छोटी चकती असते, तापली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि ती स्वतःच आपलं तापमान आवरते. कारागीर आत फक्त लाल दिवा बदलतो, तो लागला की ग्राहक खूश. पण दिवा लागणं आणि कडी तापणं यांचा संबंध असेलच असं नाही. बाटली काढून मशीन दहा मिनिटं चालू ठेवा आणि वरच्या जाळीवर, न टेकवता, तळहात धरा. ऊब लागली नाही तर मशीन गेलं. दुरुस्तीच्या पैशांत जवळपास नवं मिळतं.

भरलेली बाटली ओळखायची असेल तर वातीभोवतीची प्लास्टिकची गळपट्टी उजेडात धरून पाहा. ती कारखान्यात एकदाच दाबून बसवतात. पक्कड लागली की तिच्या कडेला पांढरे ओरखडे उठतात, कधी बारीक तडा जातो आणि बाटली आडवी केली की तिथून लिक्विड झिरपतं. आणखी सोपं म्हणजे बाटलीवर पातळीची रेघ मारा. 45 मिलीची बाटली कमी मोडवर रोज 8-10 तास चालली तर रात्रीला साधारण एक मिली उतरते. आठवड्यात अर्धी झाली तर आत दुसरंच काही आहे.

घरी मशीनची निगा एवढीच: प्लग काढा, अर्धा तास थंड होऊ द्या, कडीच्या आतली धूळ कोरड्या कापडाने किंवा इअरबडने टिपा. पाणी नको, थिनर नको. वातीला हात लावायचा नाही. प्रत्येक रिफिलसोबत नवी वात येते ती यासाठीच.

विकत घेताना लेबल वाचा. कीटकनाशक कायदा 1968 खाली नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत, विषबाधेवरच्या उपचाराची सूचना आणि चौकोनातला रंगीत त्रिकोण असायलाच हवा. यातलं काही नसेल तर बिल मागा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला कळवा.

यात 30 रुपयांचं दुःख नाही. मशीन लावलं आहे या भरवशावर माणसं दारं-खिडक्या उघड्या ठेवतात, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी उपसायचं राहून जातं, आणि डेंग्यूचा डास त्याच पाण्यात वाढतो, दिवसाही चावतो.

मुलाने असं लिक्विड तोंडाला लावलं तर उलटी करवू नका. रॉकेल उलटताना फुप्फुसात जातं, तेच जीवघेणं ठरतं. बाटली सोबत घेऊन थेट मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपैकी एक गाठा.

आणि रिफिल संपली की वात मोडा, लेबल फाडा, मगच कचऱ्यात टाका. भंगारात गेलेली धडधाकट बाटलीच त्या फिरत्या माणसाच्या पिशवीतून परत तुमच्या दारात येते.